मास्तरांची खुर्ची

“हलू नका काका, कान जाईल,” फॉर्तुनातो वामानीने खुर्चीतल्या गिऱ्हाइकाला दम भरला आणि मागे न बघता मुलाला विचारलं, “हं, पुढे? बटाट्यावर करपा कशाने येतो?”

दारातल्या बाकावर रॉयेर पुस्तक मिटून बसला होता. “बुरशीने. पप्पा, शनिवारची संध्याकाळ आहे. उद्या परीक्षा आहे. आता तरी पुरे करा ना.”

“दमट हवा सांगितली नाहीस.”

“मास्तर,” खुर्चीतले बेल्त्रान काका कण्हले, “माणूस तुमच्याकडे डोकं हलकं करायला येतो, आणि भरून घरी जातो.”

दुकानात हशा पिकला. हे पाच वर्षं चाललं होतं. रॉयेर हायस्कूलमध्ये गेला त्याच दिवशी बापाने ठरवलं होतं की पोरगा विद्यापीठात जाणार, तोही शेतीशास्त्राला. तेव्हापासून शाळेचा धडा सलूनमध्ये मोठ्याने वाचायचा आणि बाप केस कापता कापता प्रश्न विचारणार. पोराला विचारायचं तर आपल्याला यायला नको? म्हणून फॉर्तुनातोने रात्रशाळेत जाऊन आपलं अर्धवट राहिलेलं शिक्षणही उरकलं होतं. तो दाखला आरशाशेजारी चौकटीत लटकत होता, आणि गल्लीतले लोक अजून त्यावरून टोमणे मारत. ‘मास्तर’ ही पदवी तेव्हाचीच.

आता रॉयेरचं हायस्कूलचं शेवटचं वर्ष होतं. त्याच्या केसांनी खांदे गाठले होते. ईस्टरपासून बापाने त्यांना कात्री लावू दिली नव्हती. शाळेने दोनदा तंबी दिली, तरी नाही. अरेकिपा शहरातल्या या चढावरच्या वस्तीत विद्यापीठात नाव लागलं की त्याच संध्याकाळी घरचे लोक पोराचं डोकं भादरतात, वर पीठ ओततात, अंडी फोडतात. मग त्याला म्हणायचं काचिंबो. तो महिनाभर तुळतुळीत डोक्याने ऐटीत हिंडतो. गल्लीतले सगळे काचिंबो याच खुर्चीत बसले होते. फक्त वामानींच्या घरचं डोकं राहिलं होतं.

“एवढं पीक उभं आहे,” फॉर्तुनातो म्हणायचा, “कापणी माझ्या हातची.”

“आणि नाही लागलो तर?”

“तर पीक अजून वाढेल.”

रॉयेर हसला नाही. नापास होण्याची भीती त्याला होतीच, पण बापाचा पडलेला चेहरा बघायची भीती त्याहून मोठी होती.

रविवारी पहाटे दोघे निघाले. “मी फाटकापाशीच आहे,” फॉर्तुनातोने बायकोला सांगितलं. ते गेल्यावर हासिंताला फडताळावर नवऱ्याचं घड्याळ दिसलं. हा माणूस अंघोळीलाही ते काढत नसे. घाईत राहिलं असेल, ती पुटपुटली आणि रश्शाला फोडणी घालायला वळली.

दुपारी दोघे परतले. रॉयेरने आधी लिंबू घेतलं आणि अंगठा घासायला लागला. “घड्याळ, पट्टा, सगळं काढायला लावलं. वर चोरासारखा शाईत अंगठा बुडवला.”

“असू दे,” हासिंता म्हणाली. “तुझ्या बापाचा अंगठा तर कलपाने बारा महिने काळाच असतो. पेपर कसा गेला?”

“गणितं राहिली शेवटची.”

“टाकीचं?” फॉर्तुनातोने विचारलं.

“हो. तुम्हाला कसं कळलं?”

“पोरं बाहेर येताना बोलत होती.” त्याने पावाचा तुकडा मोडला आणि तसाच ठेवून दिला. “उन्हाने डोकं चढलंय माझं.”

मग दुपार काही सरेना. रॉयेर गच्चीवर जाई, खाली येई, पुन्हा वर जाई. फॉर्तुनातोने दुकान झाडलं, कात्र्या धुतल्या, मशीनला तेल घातलं. थोड्या वेळाने पुन्हा तेल घातलं.

“मुलापेक्षा बापच जास्त कावराबावरा,” हासिंता म्हणाली. “तुमची परीक्षा होती की त्याची?”

त्याने पुन्हा तेलाची बाटली उचलली.

दिवेलागणीला कोपऱ्यावरची पाववाली निएवेस मावशी पिठाच्या हातांनी धावत आली. “वामानी! रेडिओवर नावं वाचतायत! शेतीशास्त्र, वामानी! पुढचं ऐकायलाही थांबले नाही मी!”

हासिंता मटकन बसली आणि रडायला लागली. बघता बघता दुकान भरलं. कुणी पीठ आणलं, कुणी अंडी. बेल्त्रान काका चिचाचा, मक्याच्या दारूचा, घडाच उचलून घेऊन आले.

“मावशी, पूर्ण नाव ऐकलंत का?” रॉयेरने विचारलं.

“गल्लीत दुसरा वामानी आहे का कोणी? बस खुर्चीत!”

“थांबा जरा,” फॉर्तुनातो म्हणाला. “आधी खात्री करू.” पण ऐकतोय कोण? पोरांनी रॉयेरला उचलून खुर्चीत बसवलं, गळ्याभोवती कापड बांधलं, मशीन फॉर्तुनातोच्या हातात दिली. तो ती धरून नुसता उभा राहिला. आयुष्यभर ज्या क्षणाची वाट पाहिली तो आला, आणि मास्तरांचा हात चालेना!

“चालव की!” लोक ओरडले.

रॉयेरने कापडाखालून फोन काढला आणि निकालाची यादी उघडली. बोट वर गेलं, खाली आलं, पुन्हा वर गेलं. दुकान टाळ्या पिटत होतं. मग तो उठला. कापड सोडलं, झटकलं. त्याचे डोळे भरले होते, ओठ मात्र हसायला लागले होते.

“अरे, बस ना!”

“माझी कापणी पुढच्या वर्षी,” तो म्हणाला, आणि बापाच्या काळ्या अंगठ्याखालून मशीन हळूच काढून घेतली. “पप्पा, बसा. इथे लिहिलंय, वामानी फॉर्तुनातो.”