घुंगरं कशावर खुलली?

टेबलावरच्या दोन अ‍ॅम्प्लिफायरवर चादर टाकलेली होती. जुना व्हॉल्व्हचा चांगला की नवा डिजिटल, यावरून सोहोनी आणि आडारकर वीस वर्षं हमरीतुमरीवर येत होते. आज सगळ्या मंडळींसमोर त्याचा सोक्षमोक्ष लागणार होता.

मागे घुंगरं वाजणारी एकच ठुमरी आधी एकावर लावली, मग दुसऱ्यावर. "घुंगरं कशावर खुलली?" सोहोनींच्या सुनेने विचारलं.

सोहोनींना घुंगरं ऐकूच आली नव्हती, दोन्ही वेळेला. काहीतरी ठोकून द्यावं म्हणून त्यांनी तोंड उघडलं, तोच आडारकर पुटपुटले, "मला नाही आली ऐकू. एकदाही नाही."

कुणीतरी फिसकन हसलं. आता सोहोनींनी नुसतं "पहिल्यावर" म्हणायचा अवकाश, आडारकरांचं नाक कापलं जाणार होतं.

सोहोनींनी खुर्ची ओढत त्यांच्या शेजारी नेली. "अरे, मी तरी कुठे ऐकली?"