शंभर ओळी

घराघरांतल्या जुन्या वस्तूंचे फोटो काढून वाचनालयात जपायचे ठरले, तेव्हा टेक्सासमधल्या त्या सीमेवरच्या गावात कुणी आजोबांचं खोगीर घेऊन आलं, कुणी मक्याचे तमाले उकडायचं पातेलं. ओतिलियाआजींनी भिंतीवरची एक फ्रेम काढून आणली.

टेबलापलीकडे फोटो काढणाऱ्या यादिराने ती वाचली आणि तिचा चेहराच पडला. कागदावर इंग्रजीत शंभर वेळा एकच वाक्य होतं : ‘मी शाळेत स्पॅनिश बोलणार नाही.’

“आजी, ही तर शिक्षा! फ्रेम करून लावली कुणी?”

“माझ्या आईने. तिला कुठे इंग्रजी येत होतं! मी थाप मारली, बाईंना माझं अक्षर आवडलं म्हणून. झालं! तिने कागद थेट ग्वादालुपेच्या मेरीमाईच्या तसबिरीशेजारी टांगला. येईल-जाईल त्याला दाखवायची. मी लाजेने अर्धमेली व्हायचे. पण मरेपर्यंत तिला खरं कळू दिलं नाही बघ.”

काच चमकत होती, म्हणून यादिराने कागद बाहेर काढला. मागच्या बाजूला पेन्सिलीने, गिचमिड अक्षरात, वरपासून खालपर्यंत स्पॅनिशमध्ये एकच वाक्य लिहिलेलं होतं : ‘माझी ओतिलिया घरात स्पॅनिशच बोलेल.’

आजींनी चष्मा चढवला. बोट ठेवून एकेक ओळ मोजली. शंभर भरल्या.

“आजी, फोटो कुठल्या बाजूचा काढू?” यादिराने हळूच विचारलं.

“हीच पुढची बाजू, पोरी. इतकी वर्षं आम्ही फ्रेम उलटी टांगली होती.”