बुधवारची चॉकलेटं

“घ्या ताई, दोन घ्या. आज माझा वाढदिवस.”

कामेनने चॉकलेटचा डबा पुढे धरला. ज्याचा वाढदिवस, त्यानेच सगळ्यांचं तोंड गोड करायचं, ही बल्गेरियातल्या प्लोव्दिवमधली जुनी रीत. आज सगळे म्हणजे एकटी वेसेलिनाच होती.

“शंभर वर्षं जग,” ती म्हणाली. “पण एवढ्यासाठी बस पकडून आलास? आज घरून काम ना तुझं?”

“घरी कुणाला वाटू? मांजर चॉकलेट खात नाही.”

गुरुवार-शुक्रवार कचेरीत, बाकी तीन दिवस घरी, असा नियम झाल्यापासून टेबलं ओस पडली होती. वरिष्ठांनी वेसेलिनाकडेच अहवाल मागितला होता. माणसांचं कामात मन आहे का? ही जागा ठेवायची की सोडायची?

जागा सुटेल हा विचारही तिला नकोसा होता. नवरा, आसेन, गेल्यापासून स्वयंपाकघरातली त्याची खुर्ची तिला बघवत नव्हती, म्हणून ती पाचही दिवस इथे यायची. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. विचारलं तर म्हणायची, “तुम्हा पोरांवर कुणीतरी लक्ष ठेवायला हवं.”

आणि पोरं खरंच यायला लागली होती. हिवाळ्यापासून रोज कुणी ना कुणी, कधी इस्क्रा, कधी पेत्को. वाढदिवसही काय एकेकाचे पाठोपाठ आले.

दुपारी दोघांनी मिळून चीज भरलेली बानित्सा खाल्ली. कामेन पापुद्रे सांडत आईच्या तक्रारी सांगत होता. वेसेलिनाला फार बरं वाटलं. मग तो मीटिंगसाठी आतल्या खोलीत गेला आणि तिने अहवाल लिहायला घेतला.

‘माणसं नियमापेक्षा जास्त येतात. कामाची ओढ वाढली आहे. जागा ठेवावी.’

सही करण्याआधी आणखी एक चॉकलेट खावं म्हणून तिने डबा ओढला, आणि हात थबकला. कामेनने मागे वाढदिवसाची चॉकलेटं वाटली, तेव्हा खिडकीबाहेर बर्फ होता. आता तर उन्हाळ्यातलं लिंडेनचं झाड फुललं होतं. वेंधळा मेला, ती मनाशी हसली.

झाकणाच्या आत विसरून राहिलेला, घडी घातलेला कागद होता. अक्षर इस्क्राचं. वर तारीख होती आसेनला पुरल्यानंतरच्या सोमवारची.

‘सोमवारी मी, मंगळवारी पेत्को, बुधवारी कामेन. ताईंना एकटीने जेवू द्यायचं नाही. का आलात विचारलं, तर वाढदिवस आहे म्हणा.’