सिनेमा बरा की पुस्तक

पोह्यांचा ट्रे तेजस्विनीनंच बाहेर नेला. आईच्या हातात दिला असता तर निम्मे पोहे पाहुण्यांच्या मांडीवर सांडले असते, इतके तिचे हात सकाळपासून कापत होते.

मढहून पाहुणे बघायला आले होते. तिघंच जण: संपतराव, त्यांचा मुलगा सुदर्शन आणि संपतरावांची थोरली बहीण मोहिनीआत्या. एवढ्या कमी माणसांचा बघण्याचा कार्यक्रम निमगाव सावात कुणी पाहिला नसेल. एरवी जीप भरून माणसं येतात, पोहे खातात आणि नावं ठेवून जातात.

शेजारच्या कोंडाबाई साखर मागायचं निमित्त काढून मागच्या दारानं आल्याच.

"पोरगा देखणाय गं," त्या तेजस्विनीच्या कानाला लागल्या. "पण तुझा ह्यो काय अवतार? तुझ्या आईनं बघ, कशी नवी साडी नेसलीय. अन् तू आपली रोजच्याच ड्रेसवर!"

"असू द्या हो काकू. मला हाच बरा वाटतो."

हे स्थळ तेजस्विनीनं स्वतः शोधलं होतं. आईची समजूत घालता घालता तिच्या नाकी नऊ आले होते. फोटोतल्या वडिलांना, दादांनाही तिनं पहाटे हार घालताना सांगून ठेवलं होतं, की आज तुमचा आशीर्वाद असू द्या. आता सगळं अडलं होतं ते सुदर्शनपाशी. संपतराव लेकाच्या शब्दाबाहेर नव्हते. तो नाही म्हणाला की विषय संपला. आणि हा पठ्ठ्या आल्यापासून बशीतल्या पोह्यांवरून नजर उचलायला तयार नव्हता.

"तुमी दोघं जावा, ओट्यावर बसून बोला जरा," मोहिनीआत्या म्हणाली. "आमी मोठी माणसं हितं बोलतो."

ओट्यावर तेजस्विनीचं पुस्तक उघडंच पडलं होतं. सुदर्शननं ते उचललं.

"'निळ्या तळ्याची राजकन्या'? ह्याचा तर सिनेमा आहे."

"सिनेमावरूनच कादंबरी लिहिलीय. शाळा-कॉलेजातल्या मुलांसाठी."

"मग वाचायची कशाला? सिनेमा दोन तासांत उरकतो."

तेजस्विनीला राग आला. पाहुणा असला म्हणून काय झालं? "सिनेमात राजपुत्र तळ्यात उडी मारून तिला वाचवतो. पुस्तकात त्याला पोहताच येत नाही. तरी शहाणा उडी मारतो, आणि तीच त्याला ओढून बाहेर काढते."

सुदर्शन पहिल्यांदा हसला. "मग तो हिरो कसला?"

"म्हणून तर आवडतो."

कोंडाबाईंचं डोकं दोन घरांमधल्या भिंतीवरून वर आलं, समाधानानं हललं आणि परत खाली गेलं.

"पण ती सावत्र राणी?" सुदर्शन पानं चाळत म्हणाला. "सिनेमात ती आली की हिरवा उजेड पडतो, ढोल बडवायला लागतात. आपल्याला लगेच कळतं, आता पोरीची धडगत नाही. सोपं असतं. पुस्तकात कसं कळणार?"

"पुस्तकात ती वेगळीच आहे. तिच्यावर अख्खं प्रकरण आहे. ती राजवाड्यात येते त्या दिवशी राजकन्या दार लावून बसते. आणि राणी तिच्यासाठी वाढलेलं ताट घेऊन दाराबाहेर बसून राहते. तिलाही भीती वाटत असते, पण सांगणार कुणाला?"

"हे सिनेमात न्हाईच!"

"कसं असेल? त्यात गाणं बसत नाही."

"मग पोरगी दार उघडते?"

"उघडते. जरा उशिरानं. भात गार झाल्यावर."

समोरच्या वाटेवरून कुणाचा तरी ट्रॅक्टर धडधडत गेला, सुदर्शन तो दिसेनासा होईपर्यंत त्याच्याकडे बघत राहिला.

"आमच्या मढला पाऊस लई," तो म्हणाला. "धुक्यात शेजारचं घर दिसत नाही. मी नोकरीला चाकणला. शनिवार-रविवार येतो तेवढाच. बाकीचे दिवस बाबांना घर खायला उठतं. इथल्या माणसाला करमंल का तिथं?"

"आम्हाला उन्हाचा कंटाळा आलाय. तुमचं धुकं चालेल की."

"पुस्तकाचा शेवट काय? लग्नच ना?"

"लग्नानंतर अजून दोन प्रकरणं आहेत. सकाळचा चहा कुणी करायचा यावरून भांडण होतं."

"आमच्याकडं चहा बाबा करतात," तो म्हणाला. "चांगला करतात. तेवढं भांडण वाचंल." मग जरा थांबून, "हे पुस्तक मला दे. वाचून आणून देतो परत."

परत येणार म्हणाला. आणि तुम्ही सोडून 'दे' म्हणाला. तेजस्विनीला इतकं हलकं वाटलं, की तिला उगाचच रडू यायला लागलं. गुणी होता हा मुलगा. हट्टी होता, पण गुणी.

दोघं आत आले तेव्हा आई जमिनीकडे बघत होती. संपतरावांच्या हातातल्या कपातला चहा तसाच होता.

"काय रं सुदर्शन?" त्यांनी विचारलं.

"माझा होकार आहे, बाबा."

"आन् तुझं गं पोरी?" मोहिनीआत्यानं विचारलं.

"माझा तर पहिल्यापासूनच आहे."

"अगं, जरा तरी लाज की!" दारातून कोंडाबाई ओरडल्या. आता त्यांना कोण आवरणार? त्यांनी देवघरातला करंडा आपणच आणून आत्यापुढं धरला. "घ्या पावणं. चांगल्या कामाला उशीर नगं. नवरीला कुंकू लावा."

आत्यानं चिमूटभर कुंकू घेतलं आणि ती उठली. तेजस्विनीनं बाजूला सरून तिला वाट करून दिली, आणि आत्यानं तिच्या आईच्या, आठ वर्षं मोकळ्या राहिलेल्या कपाळावर कुंकू टेकवलं.