पानं तपासणारे साहेब

साहेबांनी शेवटचं पान पुढे ओढलं आणि संपादकांचा जीव टांगणीला लागला. सरकारने बातम्यांवर नजर ठेवायला नेमलेला हा माणूस रोज दुपारी येई, छपाईला जायची पानं समोर घेई आणि प्रत्येक ओळीवरून बोट फिरवत बसे. हातात लाल पेन्सिल असे. आजवर तिची एक रेघ कागदावर उमटली नव्हती. संपादकांना नेमकं हेच खटकत होतं.

शहरातलं हे एकमेव गुजराती दैनिक. आजोबांनी बाजारभाव आणि निधनवार्ता छापायला काढलं, वडिलांनी नावारूपाला आणलं. पूर आला, आग लागली, कामगारांचा संप झाला, पण अंक कधी चुकला नाही. तो आपल्या हातून बंद पडू नये म्हणून संपादक डोळ्यांत तेल घालून शब्द न् शब्द पाहत.

बाहेरच्या बाकावर त्यांची धाकटी बहीण बसली होती. तिचा मुलगा याच दैनिकात वार्ताहर. पोलिसांनी त्याला चौकशीला म्हणून नेलं, आणि आता विचारायला जावं तर एकच उत्तर मिळे, असा कोणी आम्ही आणलाच नाही. छापून आलं तर निदान तो आपल्या ताब्यात आहे एवढं त्यांना कबूल करावं लागलं असतं. नाहीतर पोरगा कायमचा गडप होणार, हे बहिणीला कळत होतं. संपादकांनाही कळत होतं. बातमी तयार होती. हात धजत नव्हता.

"हा काही खोडत नाही, म्हणजे सगळं मनात टिपून ठेवतोय," ते बहिणीला सांगत. "आपला पाय घसरायची वाट बघतोय."

एकदा त्यांनी परीक्षा घेतली होती. अग्रलेखात सरकारला चिमटा काढणारं एक वाक्य घातलं. साहेबांनी त्यावरून बोट फिरवलं, मान डोलावली, सही केली. साहेबांची पाठ वळताच संपादकांनी ते वाक्य स्वतःच काढून टाकलं. आणखी एकदा साहेब निधनवार्तांकडे बघून गालातल्या गालात हसले. त्या दिवसापासून संपादकांना घास गोड लागेना.

आज सही झाली, पेन्सिल खिशात गेली, पण साहेब उठले नाहीत.

"माझी बदली झाली. आज शेवटचा दिवस," ते म्हणाले. "जाता जाता खरं सांगून टाकतो. तुमची भाषा मला ऐकून कळते, पण अक्षर एकही वाचता येत नाही. नेमणूक झाली तेव्हा वर सांगायची हिंमत झाली नाही. तुम्ही मला पकडाल अशी रोज धास्ती असायची."

संपादकांनी सही झालेली पानं आपल्याकडे ओढून घेतली.

"उद्यापासून येणारे साहेब गुजराती शाळेत शिकलेत. ते काही सोडायचे नाहीत." त्यांनी आवाज खाली आणला. "बाहेर त्या बाई रोज काय विनवतात, ते माझ्या कानावर येतं. आजच्या पानांवर सही माझी आहे. काही बदलायचं असलं तर बदला. उत्तर मी देईन."

ते गेले तशी बहीण धावतच आत आली. तिने दाराआडून सगळं ऐकलं होतं.

"दादा, आता तरी घे रे! मशीन अजून सुरू झालं नाहीये."

संपादकांनी ड्रॉवरमधून बातमी काढली. पहिल्या पानावर ठेवून पाहिली. जागा होत होती. भाच्याचं नाव त्यांनी दोनदा वाचलं. मग त्यांची नजर ताज्या सहीवर गेली. सरकारी माणूस, आणि आपण होऊन दुसऱ्यासाठी मान पुढे करतो? त्यांनी खिडकीतून वाकून पाहिलं. साहेब रस्ता ओलांडून चालले होते. मागे वळूनसुद्धा बघत नव्हते.

संपादकांनी बातमी पुन्हा ड्रॉवरमध्ये ठेवली.

"अगं, तुला ही माणसं कळत नाहीत," ते बहिणीला म्हणाले. "उद्या नवे साहेब येऊ देत. त्यांचा अंदाज घेऊ, आणि मग छापू."