पोत्यातलं धुकं

कुणाचा विश्वास बसणार नाही, पण मी धुकं पोत्यात भरून ठेवत असे. बाळाला पाजायला बसली म्हणून ज्या मॅनेजरनं माझ्या बायकोला, जसमायाला, चहाच्या मळ्यावरून हाकललं, तोच म्हातारपणी लेक-नातवंडं घेऊन दार्जिलिंग बघायला आला आणि नेमका माझ्याच जीपमध्ये बसला. पहाटे टायगर हिलवर मी पोत्याचं तोंड सोडलं. कांचनजंघा गडप! म्हातारा “कुठंय, कुठंय” करत रडकुंडीला आला.

तिथंच कॉफी विकणारी जसमाया हे ऐकून उसळली, “अहो, पुरे करा थापा! आभाळ लख्ख होतं. नातवंडं शिखर बघून नाचत होती. त्यालाच तेवढं दिसलं नाही, कारण माझ्या कॉफीच्या वाफेनं धुरकटलेला चष्मा त्यानं मलाच पुसायला दिला होता. अजून पुसतेय मी तो!”