कंबरेच्या गोळ्या

पेला सायरागुलच्या ओठांपर्यंत पोचलाच नाही. निम्मा चहा मांडीवर सांडला. गावच्या दवाखान्यात नर्स जिपारा तिच्या थरथरत्या हाताकडे बघत राहिली.

"असं कधीपासून होतंय?"

"चार दिवस झाले," सासू बुरुलकानने परस्पर सांगितलं. "उलट्या होतात. चालताना झोकांड्या जातात. थकलीय हो पोरगी. हिवाळाभर लोकर लाटून नमद्याची जाजमं करताना कंबर धरलीय तिची."

 सायरागुलला बोलायचं त्राणच नव्हतं. तिला वाटत होतं, जुना आजार परत आला. लग्नाआधी त्याच आजारापायी तिने दोन महिने इस्पितळात काढले होते. तेव्हापासून नऊ वर्षं ती रोज लिथियमची गोळी घेत होती. नवऱ्याला ठाऊक होतं. बाकी कुणालाच तिने सांगितलं नव्हतं. डबी पिठाच्या पोत्यामागे असायची.

"औषध कुठलं चालू आहे?"

बुरुलकानने खिशातून पाकीट काढलं. "ही कंबरेची. दिवसाला तीन. मीच देते, दहा दिवस झाले."

जिपाराने नाव वाचलं. आयब्युप्रोफेन. "आणि दुसरं काही? नीट आठव. काही औषधांशी या गोळीचं मुळीच जमत नाही."

बाकावर दोन शेजारणी बसल्या होत्या. सायरागुलने त्यांच्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे. लपवायचाही आता तिला शीण आला होता.

"लिथियम," ती म्हणाली. जीभ जड झाली होती, म्हणून पुन्हा म्हणाली, "मनाच्या आजारासाठी. लिथियम घेते मी."

जिपारा ताडकन उठली. "दोन्ही गोळ्या आत्ता थांबव. या कंबरेच्या गोळीनं लिथियम अंगात साठत गेलंय. आजार नाही उलटलेला, विषबाधा आहे ही! नारीनच्या मोठ्या इस्पितळात नेऊन रक्त तपासायला हवं. पुढं लिथियम कधी, किती, आणि दुखण्यावर काय चालेल, ते डॉक्टरच सांगतील." ती गाडीसाठी फोन करायला बाहेर धावली.

बाकावरच्या शेजारणींनी सगळं ऐकलं होतं.

"आपा," सायरागुल सासूला म्हणाली, "मी तुमच्यापासून लपवलं."

बुरुलकानने सुनेचा थरथरता हात दोन्ही हातांत धरला. 

"मला तुझ्या लग्नाच्या पहिल्या वर्षापासून ठाऊक आहे गं. इथं येऊन चारचौघांत तुला ते सांगावं लागू नये, म्हणून तर घरच्या घरी कंबरेच्या गोळ्या देत होते मी."